चौथ्या दिवसानंतरच्या बाटल्या

परभणीत एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी सगळी नोकरी काढली, आणि एवढ्या वर्षांत पेशंट असे मला फारसे दिसलेच नाहीत. पेशंट पुढच्या दारानं डॉक्टरांकडे जायचे. माझ्या लॅबला गल्लीच्या बाजूनं एक खिडकी होती, तिच्यातून बाटल्या आत यायच्या. लोक मला बाटलीवाले म्हणत. परगावचा एखादा पाहुणा ते ऐकून भलताच समज करून घ्यायचा आणि माझी बायको दोन दिवस चिडलेली असायची.

आणि बाटल्या तरी कसल्या! खोबरेल तेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या, एकदा तर शाईची दौत. चारठाण्याकडचे एक गृहस्थ घरातल्या चौघांची लघवी एकाच बाटलीत घेऊन आले. म्हणाले, "सगळ्यांलाच जळजळ हाय साहेब, चार खेपा कोन करनार?" मी विचारलं, यातलं कोणाला काय झालंय ते मी कसं सांगू? ते माझ्याकडे निराशेनं बघत म्हणाले, "मग मशीन कशाला ठिवलीय?"

पिंगळीच्या एका गुरुजींच्या लघवीत मला साखर सापडली होती, थोडीथोडकी नव्हे, भरपूर. आमच्याकडे एक निळं द्रावण असायचं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं, साखर असली की त्याचा विटेसारखा रंग होतो. गुरुजींचा भात बंद, गोड बंद. पंधरा दिवसांनी ते दुसऱ्या बाटलीत नमुना घेऊन आले तेव्हा द्रावण जसंच्या तसं निळं. पहिली बाटली ग्लुकोजच्या टॉनिकची होती आणि ती नुसती दाखवण्यापुरती विसळलेली होती. गुरुजींनी पुढे कित्येक वर्षं मला रस्त्यात ओळख दिली नाही. त्यानंतर मी बाटल्या स्वतः उकळून द्यायला लागलो आणि माझ्या मते बाटलीचा प्रश्न मिटला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बौद्ध. ज्या घरांत मला पाणी दिलं असतं तर ते वरून ओंजळीत ओतूनच दिलं असतं, त्या घरांची लघवी मी रोज हाताळत होतो आणि त्याला कधी कोणाची हरकत नव्हती. मला याचं हसू येई. घरी गेल्यावर कधीकधी येत नसे.

कामाचं थोडं सांगतो. लघवी नळीत घालायची आणि नळी गरागरा फिरवायची म्हणजे गाळ तळाला बसतो. आमचं यंत्र हातानं फिरवायचं होतं, त्यामुळे लाइट गेली तरी माझं काम अडत नसे. त्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. गोल, दाणेदार पेशी दिसल्या तर तो पू. म्हणजे आत कुठेतरी जंतूंशी मारामारी चालली आहे. फिकट, बिनदाण्याच्या चकत्या दिसल्या तर ते रक्त. किती आहेत ते मोजून लिहायचं. कल्चर म्हणजे लघवीचा थेंब जंतूंच्या खाद्यावर पसरून उबेत ठेवायचा. जंतू असले तर दोन दिवसांत उगवून येतात. माझा हात स्वच्छ होता, नजर चांगली होती आणि मला दोन्हींचा गर्व होता.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला त्याच्या आधीच्या दसऱ्याला मारोतराव पहिल्यांदा आले. झरीच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. उंच, हाडकुळे, बोलायला कमी. सोबत त्यांची बायको कौसाबाई, वय पंचावन्नच्या आसपास. थंडी वाजून ताप येत होता आणि डावी कूस दुखत होती. डॉक्टरांनी तपासलं, नमुना माझ्याकडे आला, मी बघितला, पू भरपूर. मूत्रपिंडात जंतूंचं दुखणं आहे असं निदान झालं आणि औषधांनी आठ दिवसांत ताप उतरला.

त्यानंतर कौसाबाई आल्याच नाहीत. आमच्याकडची रीतच तशी. बाईमाणसाला एकदा दाखवून नेलं की पुढच्या खेपा नवऱ्यानं करायच्या. त्यानं बाटली आणायची, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं, बायकोचं दुखणं आपल्या तोंडानं सांगायचं आणि गोळ्या घेऊन जायचं. पंधरा दिवसांनी ताप परत आला. पुन्हा बाटली, पुन्हा पू, औषध बदललं, ताप उतरला, परत आला. मी सोमवारी नमुना आणा म्हटलं की मारोतराव शुक्रवारी उगवायचे.

"सोमवारी सांगितलं होतं ना?"

"जमलं न्हाई, साहेब."

कापसाची वेचणी चालू होती, माणूस अडकला असेल, असं मी समजायचो.

कल्चर दोनदा लावलं. दोन्ही वेळा काहीच उगवलं नाही. पू आहे आणि जंतू नाहीत, हे कोणालाही खटकायला हवं. डॉक्टरांना खटकलं. त्यांनी क्षयाची शंका घेतली. मी तीन दिवस त्याचे जंतू शोधले, सापडले नाहीत. मग मीच डॉक्टरांना म्हणालो, "गोळ्या चालू असताना घेतलेला नमुना आहे, उगवणार कुठून?" बोलणं पटण्यासारखं होतं, आणि मी ते ठासून बोललो होतो. डॉक्टरांनी पेशंटला घेऊन या, सोनोग्राफी करू, असं दोनदा लिहून दिलं. मारोतराव हो म्हणाले आणि ताप उतरल्यावर ते राहून गेलं. त्या सगळ्या नमुन्यांत पुवाबरोबर दोन-चार लाल पेशीही होत्या. रजिस्टरात त्यांच्यापुढे माझ्या अक्षरात 'तुरळक' असं लिहिलं आहे.

संक्रांतीच्या तोंडावर सगळीकडे वातावरण तापलं. नामांतर होणार, होणार नाही, यावरून रोज काही ना काही कानावर यायचं. एसटी डेपोत उभ्या होत्या, रस्त्यांवर टायर जळत होते. आमच्या वस्तीत बायका पुरुषांना लवकर घरी या म्हणून बजावत होत्या. अशा एका सकाळी मारोतराव सायकल मारत दवाखान्यात आले. पाय धुळीनं भरलेले आणि हातात बाटली नव्हती.

"लय ताप हाय साहेब. काल बडबडत होती. गोळ्या द्या."

"नमुना कुठंय?"

"चार दिवसांनी आनतो. ती बाजूला बसलीय."

मी रजिस्टर बंद करत होतो, तो हात तसाच थांबला.

"मारोतराव, त्यांचं वय पंचावन्न सांगितलंत ना?"

"असंल की."

"आणि बाजूला बसतात?"

मारोतराव खाली बघायला लागले. असलं बोलणं दोन बापे माणसांनी करायचं नसतं. "मधी पाच-सा वर्षं बंद झालं होतं," ते पुटपुटले. "दसऱ्यापासून परत चालू झालंय. अंगात उष्णता झाली मनून आसं व्हतंय म्हन्त्यात बाया."

"म्हणजे मी सोमवारी आणा म्हणायचो आणि तुम्ही शुक्रवारी यायचात, ते..."

"चौथ्या दिवशी डोक्यावरून पानी घेतलं की मगच बाटली देती ती. त्याच्या आदी कशी देईल?"

तीन महिने माझ्याकडे बाटल्या आल्या त्या निवडून आलेल्या होत्या. रक्त जात असायचं तेव्हा ती बाई घराबाहेर बसलेली असायची, आणि ते थांबलं, न्हाऊन स्वच्छ झाली, की माझ्यासाठी नमुना निघायचा. बाटली मी उकळून देत होतो. ती कोणत्या दिवशी भरली हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मला आत्ताचा नमुना पाहिजे," मी म्हणालो. "आजचा."

"ते कसं जमंल साहेब? तसलं हातात धरून कोन आनंल? घरात येत न्हाई ती, भांड्याला शिवत न्हाई."

"मी येतो घ्यायला."

"तुमी?"

"आम्हाला कसला विटाळ, मारोतराव?"

त्यांना माझं आडनाव माहीत होतं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठले. "तुम्ही जाऊ नका. माहोल काय आहे बघताय ना? चार दिवस थांबू, मग पेशंटलाच आणायला लावू."

"चार दिवसांनी त्या न्हाऊन बाटली पाठवतील सर, आणि मी परत पू मोजत बसेन."

डॉक्टरांनी उकळलेल्या बाटल्या पिशवीत भरायला मदत केली. "अंधार पडायच्या आत या," एवढंच म्हणाले.

मारोतरावांची सायकल दवाखान्यात ठेवली आणि त्यांना माझ्या लूनावर मागे बसवलं. झरीपर्यंत रस्त्यावर ठिकठिकाणी टायर जळाल्याची काळी वर्तुळं होती. मला भीती वाटत होती, ते लपवत नाही. झरीच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा तूर कापणीला आलेली होती आणि शेतात कोणी नव्हतं. नेहमी शेतात माणसं असतात. ती कुठे जमली असतील, हाच विचार माझ्या डोक्यात चालला होता.

गावात शिरताना पिठाच्या गिरणीपाशी पाच-सहा जण उभे होते. त्यातला एक रस्त्यात आला.

"कोन पाव्हनं म्हनायचं, मारोतराव?"

"दवाखान्याचे साहेब हायेत."

"बरं. नाव काय म्हनले साहेबांचं?"

त्या दिवसांत आडनाव कळलं की पुढचं सगळं ठरायचं. मी लूना बंद केली नव्हती. मारोतराव खाली उतरले, त्या माणसाच्या आणि माझ्यामध्ये जाऊन उभे राहिले.

"नाव इचारून काय करतूस? घरी बाई तापानं फणफणायलीय, तिच्यासाठी आनलंय त्यांला. सरक."

तो माणूस माझ्याकडे, माझ्या पिशवीकडे बघत राहिला. मग बाजूला झाला. मारोतरावांनी हे माझ्यासाठी केलं की बायकोसाठी, याच्याशी मला त्या वेळी काही देणंघेणं नव्हतं.

घरासमोर आलो. दारात त्यांची भावजय उभी होती. मारोतरावांनी उंबऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हिकडून या साहेब." मला घराला वळसा घालून मागे गोठ्याकडे नेलं. मला राग आला. जिवावर उदार होऊन आलेल्या माणसाला मागच्या बाजूनं न्यायचं! पण गोठ्यात पाय टाकला आणि समोर कौसाबाई दिसल्या. कडब्याच्या पेंढ्यांजवळ पोतं अंथरून बसलेल्या, अंगावर कांबळं, शेजारी वेगळा तांब्या. मला मानानं बैठकीत बसवलं असतं तर मी चहा पिऊन, मारोतरावांशी बोलून परत आलो असतो; परक्या पुरुषापुढे त्यांनी येणं शक्यच नव्हतं. आम्हा दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, म्हणून आमची गाठ पडली.

दसऱ्याला पाहिलेली बाई ही नव्हती. गालफडं आत गेली होती, डोळे तापानं चकाकत होते.

"लांब बसा दादा, मी बाजूला हाय."

"असू द्या मावशी. मला दोन गोष्टी विचारायच्यात." मारोतराव गोठ्याबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. मी जमिनीकडे बघत विचारलं, "जे जातं ते दिवसभर जातं का? कापडाला लागतं?"

त्या हळूच म्हणाल्या, "कापडाला न्हाई लागत. लघवीला बसल्यावरच येतं, तांबडं. कवा कवा गाठी येत्यात, गांडुळावानी."

"मग बाजूला कशाला बसता मावशी?"

"तांबडं ते तांबडंच की, दादा. कुठून यायलंय ते मला काय दिसतंय?"

"कोणाला सांगितलं नाही हे?"

"इचारलं कोनी?"

मी बाटली दिली. आधीची थोडी सोडून मधली धरा, असं सांगून बाहेर आलो. त्यांनी बाटली भरून पेंढीवर ठेवली. गेरू कालवल्यासारखा रंग होता, आणि त्यात बारीक लांबट गाठी होत्या. अशा गाठी वरून, मूत्रपिंडातून नळीवाटे उतरताना होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी बाटली पिशवीत ठेवली आणि मारोतरावांना म्हणालो, यांना सोनोग्राफीसाठी लगेच आणावं लागेल.

"चार दिवस झाले की आनतो," मारोतराव म्हणाले. सवयीनंच म्हणाले असतील.

आतून कौसाबाईंचा आवाज आला. "चार दिस, चार दिस करीत तीन महिने गेले. उद्याच न्या मला."

भावजय मागच्या दारात आली होती. "अशी कशी जाशील वं? जीपात चार मानसं बसत्यात, त्यांला शिवशील."

"शिवले तर आंगूळ करत्याल," कौसाबाई म्हणाल्या. "अन् मी मेले तर काय करत्याल?"

मी उजेड असतानाच परभणीत पोचलो. नमुना फिरवला, पट्टी लावली. रक्ताच्या पेशींनी सगळं भरून गेलं होतं, आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्याच काही पेशींचे पुंजके होते. मोठ्या, वेड्यावाकड्या, आतला गाभा काळपट. पेशी ओळखणं हे मोठ्या डॉक्टरांचं काम, माझं नव्हे. पण इतकी वर्षं चांगल्या पेशी बघितलेल्या माणसाला वाईट पेशी कळतात. मी डॉक्टरांना बोलावून दाखवलं. ते खूप वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "उद्या आल्या पाहिजेत."

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. कोणाची तरी जीप मिळाली होती. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या ऐन मध्ये गोळा होता. पुढे मोठ्या शहरात ऑपरेशन होऊन ते मूत्रपिंड काढलं. तिकडच्या रिपोर्टाची प्रत डॉक्टरांनी मला वाचायला दिली. मूत्रपिंडातल्या, लघवी गोळा करणाऱ्या नळ्यांमधून निघालेला कॅन्सर. क्वचित होणारा आणि फार वेगानं पसरणारा. सुरुवातीला तो जंतूंच्या दुखण्यासारखाच वागतो. तोच ताप, तीच कूस दुखणं, तोच पू. शेजारच्या गाठींत तो आधीच पोचला होता.

"दसऱ्यालाच कळलं असतं तर?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "काहीच फरक पडला नसता कदाचित. कदाचित पडलाही असता. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही."

वैशाखात मारोतराव खिडकीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिनं बोलावलंय तुमाला."

या खेपेला मला समोरच्या दारानं आत नेलं. भावजयीनं पाणी माझ्या हातात दिलं. मला त्याचा आनंद झाला नाही. एवढ्यासाठी बाईला मरणाला टेकावं लागतं का, असंच मनात आलं. माजघरात मधोमध बाज टाकली होती. रक्त अजून जात होतं, पण आता कौसाबाईंना कोणी बाजूला बसवत नव्हतं. त्यांना बसताच येत नव्हतं.

मी बाजेजवळ खाली बसलो. त्यांनी विचारलं, "दादा, पैल्या बाटलीतच दिसलं असतं का?"

खोटं बोलता आलं असतं. मारोतराव मागे उभे होते, त्यांनाही तेच बरं वाटलं असतं.

"बाटलीत नसतं दिसलं मावशी," मी म्हणालो. "मी विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटून मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "तुमी बापे मानूस, कसं इचारनार? पर आता इचारीत जा. सांगत्यात बाया. कोनी इचारलं तर सांगत्यात."

आठ दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हापासून मी विचारायला लागलो. नवरा बाटली घेऊन आला तर त्याला परत पाठवून बाईला खिडकीशी बोलवायचो आणि नमुना कोणत्या दिवसाचा, तांबडं जातं का, कापडाला लागतं का, हे सगळं सरळ विचारायचो. लोकांनी मला निर्लज्ज म्हटलं. एका सासूनं गल्लीत उभं राहून माझा उद्धार केला, एका नवऱ्यानं खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली. डॉक्टरांकडे तक्रारी गेल्या. निवृत्त होईपर्यंत मी विचारत राहिलो, आणि एकाही बाईनं उत्तर द्यायचं टाळलं नाही.